भाजक आणि विभाजक

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्याच आठवड्यात हे काम माझ्याकडे आलं. अकरा वर्षं मी पाचवी ते आठवीला गणित शिकवलं. आता नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात एका लहानशा कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते काय करतं आणि कसं वापरायचं याची माहिती, लिहिते. घर प्रतापनगरला, त्यामुळे ऊन डोक्यावर यायच्या आत ऑफिस गाठता येतं. त्या सोमवारी पोचले तर आमच्याकडचा कोड लिहिणारा मुलगा आधीच कूलरसमोर खुर्ची ओढून बसला होता. म्हणाला, "ताई, एक छोटंसं टूल झालं आपलं. संख्या दिली का तिचे सगळे डिव्हायझर देते. एआय एजंट वापरतील ते. त्याचं वर्णन लिहून द्या ना, दोन ओळींचं काम आहे."

दोन ओळींचं ते काम साडेतीन आठवडे चाललं. त्यात काय काय समोर आलं ते लिहून ठेवते आहे, कारण टूल तयार झालं की वर्णन शेवटच्या दिवशी, चहा गार व्हायच्या आत उरकायचं असतं असा समज मी आजूबाजूला फार पाहते.

आधी हे चालतं कसं ते सांगते. एजंट म्हणजे भाषेचं एक मॉडेल आणि त्याच्या हाताशी दिलेली टूल्स. मॉडेल टूल स्वतः चालवत नाही. "हे टूल, ही संख्या" एवढं ते लिहून देतं, बाजूचा प्रोग्राम टूल चालवतो आणि आलेलं उत्तर मॉडेलपुढे ठेवतो. अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही मॉडेलला टूल्स जोडायची सामायिक पद्धत जाहीर केली. आमचं टूल त्याच पद्धतीनं जोडलेलं आहे. मॉडेलला टूलचं नाव दिसतं, वर्णन दिसतं आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा साचा दिसतो. आतला कोड दिसत नाही. माणसाला शंका आली तर तो कोड उघडतो, नाहीतर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. मॉडेलपुढे फक्त मी लिहिलेला मजकूर असतो. त्यात जे नाही, ते मॉडेल स्वतःच्या अंदाजानं भरतं.

"पण एवढा हुशार एआय, त्याला भाग देता येत नाही?" असं घरी आईनं विचारलं. येतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मॉडेल संख्या तुकड्यातुकड्यांनी वाचतं आणि पुढचा तुकडा कोणता असावा हे ठरवत जातं. १२ चे विभाजक त्याच्या वाचनात असंख्य वेळा आलेले असतात, आडवळणाच्या संख्येचे तेवढे नसतात. आम्ही टूल न जोडता त्याला ३९१ विचारली. उत्तर आलं: ही मूळ संख्या आहे, विभाजक फक्त १ आणि ३९१. माझे आठवीचे विद्यार्थीही नेमके इथेच अडकायचे. २, ३, ५, ७, ११, १३ कशानंच भाग जात नाही, मग पोरं कंटाळून "मूळ" लिहून मोकळी होतात. १७ गुणिले २३ करून पाहिलं की ३९१ येते. टूल हे कंटाळत नाही; वर्गमुळापर्यंत एकेका संख्येनं भाग देऊन बघतं आणि सापडलेल्या प्रत्येक विभाजकाची जोडी उचलतं.

मी पहिलं वर्णन लिहिलं ते खरंच एका ओळीचं होतं: "दिलेल्या संख्येचे डिव्हायझर शोधते." मग आम्ही वीस प्रश्न तयार केले, लोक विचारतील तसे, काही मराठीत, काही इंग्रजीत. त्यातला चौथा प्रश्न असा होता: २५० वह्या १२ मुलींना सारख्या वाटल्या तर प्रत्येकीला किती येतील आणि किती उरतील? एजंटनं आमचं टूल उचललं, त्यात २५० घातली, १, २, ५, १०, २५, ५०, १२५, २५० ही यादी मिळवली आणि सांगितलं, "१२ हा २५० चा डिव्हायझर नाही, त्यामुळे ही वाटणी शक्य नाही."

प्रत्येकीला २० वह्या येतात आणि १० उरतात. तिसरीतली मुलगीही हे करते.

मी बराच वेळ त्या उत्तराकडे बघत बसले. टूलची यादी बरोबर होती. मॉडेलचं वाक्यही बरोबर होतं, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. मग उठून फळ्यावर भागाकार मांडला, अकरा वर्षं मांडत होते तसाच: भाज्य २५०, भाजक १२, भागाकार २०, बाकी १०. त्याखाली लिहिलं: १२ इथे भाजक आहे, पण २५० चा विभाजक नाही.

हा फरक आपण पाचवीत शिकतो आणि नंतर विसरून जातो. शून्य सोडून कोणतीही संख्या भाजक होऊ शकते, तिनं भागायचं ठरवलं की झाली. विभाजक व्हायला बाकी शून्य यावी लागते, निःशेष भाग जावा लागतो. मराठीत दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना डिव्हायझर. आमच्या टूलच्या नावातही तोच शब्द, वर्णनातही तोच.

मुलगा फळ्याजवळ येऊन उभा राहिला. "म्हणजे ताई, इंग्रजीत या दोघांले एकच शब्द हाय?"

"हो. आणि आपण तेवढ्यावरच थांबलो होतो."

त्या दिवशी मी एक पद्धत ठरवली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. वर्णन द्यायचं इंग्रजीत, पण प्रत्येक वाक्य आधी शाळेच्या मराठीत लिहायचं. विभाजक, विभाज्य, निःशेष, बाकी, मूळ अवयव, मसावि हे शब्द कित्येक वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त करताना माझ्या हातात घासून निघाले आहेत. वाक्य त्या शब्दांत पक्कं झालं की मगच इंग्रजीत न्यायचं. त्यामुळे वर्णनाची पहिली ओळ "संख्येला ज्या ज्या धन पूर्णांकांनी भागल्यावर बाकी शून्य उरते ते सगळे देते" अशी झाली. दुसरी ओळ टूल काय करत नाही याची: "साध्या भागाकारासाठी किंवा बाकी काढण्यासाठी हे वापरू नका." चौथा प्रश्न त्यानंतर सुटला. एजंटनं टूलला हातही लावला नाही, सरळ भागाकार केला.

हीच गत मूळ अवयवांची झाली. ६० चे मूळ अवयव मागितले की एजंट टूलची बाराच्या बारा विभाजकांची यादी वाचून दाखवायचा. विचारणाऱ्याला २ × २ × ३ × ५ हवं होतं. आणखी एक ओळ वाढली.

२८ चा किस्सा मात्र माझ्या चुकीमुळे घडला आणि तो मला आजही बोचतो. प्रश्न होता: २८ ही परिपूर्ण संख्या आहे का? परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज त्या संख्येएवढीच येणारी. १ + २ + ४ + ७ + १४ = २८. शाळेत हे उदाहरण मी दरवर्षी घ्यायचे, कारण मुलांना ते जादूसारखं वाटतं. टूलनं यादी दिली, एजंटनं बेरीज केली ५६, आणि उत्तर दिलं "नाही". यादीत २८ स्वतः होती. मी वर्णनात "सगळे विभाजक" लिहिलं होतं आणि मला वाटलं होतं की सगळे म्हणजे सगळे, त्यात सांगण्यासारखं काय आहे? "१ आणि ती संख्या स्वतः, दोन्ही यादीत असतात" हे आठ शब्दांचं वाक्य मी वाचवलं होतं. वर्गात हेच मी तीन-तीनदा फळ्यावर लिहायचे. वाचणारा समोर दिसत नसला की आपण शहाणपण गृहीत धरतो.

दुसऱ्या आठवड्यात मोठ्या संख्यांकडे वळलो. वर्णनात मर्यादा लिहायची तर ती किती, हे मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मर्यादा काहून पाह्यजे? चालते ना कितीही." मी एक संख्या टाकायला सांगितली: ९००७१९९२५४७४०९९३. उत्तर दोन-तीन सेकंदांत आलं. ५४ विभाजक. १, २, ४, ८, १६, ३२…

विषम संख्येच्या यादीत २ बघून माझा हात आपोआप कागदाकडे गेला. आकड्यांची बेरीज केली: ७८. म्हणजे संख्येला ३ नं निःशेष भाग जातो. यादीत ३ नव्हता. जो विभाजक असायलाच हवा तो गायब होता, आणि जो असूच शकत नाही तो दुसऱ्या नंबरवर बसला होता.

टूल जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे. तिथे साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशानं नेमकी ठेवता येते. ही २ चा ५३ वा घात वजा १. त्यापुढच्या काही संख्या त्या साच्यात बसतच नाहीत, त्या शेजारच्या बसणाऱ्या संख्येवर सरकवल्या जातात. आमची संख्या एकानं खाली सरकून नेमकी २ चा ५३ वा घात झाली होती. त्या घाताचे विभाजक ५४ आणि एक सोडून सगळे सम. टूलनं त्याला मिळालेल्या संख्येचं उत्तर चोख दिलं होतं. संख्या वाटेतच बदलली होती आणि कोणी काही बोललं नव्हतं. एजंटनं ही यादी वापरणाऱ्याला ठामपणे वाचून दाखवली असती.

उपाय मुलानं केला: संख्या अंकांच्या मजकुराच्या रूपात घ्यायची, म्हणजे वाटेत सरकणार नाही. मी साच्यात तसं लिहिलं आणि शनिवारी निश्चिंत मनानं घरी गेले.

सोमवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन दोघं ऑफिसात आलो तर एका चाचणीत १,२०,००० चे विभाजक विचारले होते आणि टूलनं एकच विभाजक दिला होता: १. संख्या मजकूर झाल्यावर एजंट ती वापरणाऱ्यानं लिहिली तशीच, स्वल्पविरामांसकट, टूलला देऊ लागला होता. मजकुरातून संख्या काढणारं फंक्शन पहिल्या स्वल्पविरामाशी थांबायचं. लाखाच्या पुढे आपण स्वल्पविराम देतोच, लग्नातल्या आहेराच्या हिशेबापासून घराच्या किमतीपर्यंत. मराठीत "१२०" असं लिहून विचारलं तर तेही अडायचं, कारण जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे संख्या म्हणून कळत नाहीत. पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेला कळतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं आणि फार बरं वाटलं.

इथे आमच्यात थोडा वाद झाला. मुलाचं म्हणणं, टूलच हे सगळं सांभाळून घेईल, वर्णनात कशाला? माझं म्हणणं, दोन्हीकडे हवं. टूलनं स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे चालवून घ्यावेत, आणि वर्णनातही "फक्त अंक, स्वल्पविराम नाही, दशांश चिन्ह नाही" असं एक नमुना देऊन सांगावं. उद्या टूल कोणी दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहिलं तर वर्णन तेच राहील. शेवटी तो तयार झाला. आताही मला तेच बरोबर वाटतं.

शून्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. शून्याला शून्येतर प्रत्येक पूर्णांकानं निःशेष भाग जातो, म्हणून त्याच्या विभाजकांची यादी संपणारच नाही. टूल अशा वेळी "अवैध इनपुट" म्हणायचं. नोंदी उघडून पाहिल्या तर एजंटनं ० दिलं, मग ०.० दिलं, मग ०० दिलं, परत ० दिलं, आणि अखेर वापरणाऱ्याला सांगितलं की टूल बंद पडलेलं दिसतं. नोंदीत त्या ओळी एकाखाली एक पाहिल्या आणि मला वर्गातला एक मुलगा आठवला. वहीवर नुसती लाल फुली पाहून तो तेच गणित पुन्हा पुन्हा, दर वेळी जास्त सुवाच्य अक्षरात सोडवून आणायचा. चूक कुठे आहे हे मी फुलीजवळ लिहिलेलं नव्हतं.

या पद्धतीत टूलची चूक उत्तरातूनच मॉडेलपर्यंत पोचते, मॉडेल ती वाचतं आणि पुढचं पाऊल ठरवतं. म्हणजे चूक सांगणारा संदेश हेही डॉक्युमेंटेशनच. मी तो असा लिहिला: "० ला शून्येतर प्रत्येक पूर्णांकानं निःशेष भाग जातो, त्यामुळे यादी देता येत नाही. पुन्हा प्रयत्न करू नका. हेच कारण वापरणाऱ्याला सांगा." त्यानंतर एजंट एकदाच विचारतो आणि कारण सांगतो. ऋण संख्यांसाठी आम्ही चिन्ह सोडून फक्त धन विभाजक द्यायचं ठरवलं, आणि तसं लिहून टाकलं.

मर्यादेचा प्रश्न राहिला होताच. इथे मला रामानुजनांची आठवण झाली. ज्या संख्येला तिच्यापेक्षा लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असतात, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध प्रसिद्ध केला होता. आम्हाला टूलची वाईटातली वाईट अवस्था पाहायची होती आणि ती याच संख्यांत सापडते. १०० कोटींच्या आत सर्वांत जास्त विभाजक ७३५१३४४०० ला आहेत. तिचे मूळ अवयव पाडले तर २ सहा वेळा, ३ तीन वेळा, ५ दोन वेळा आणि ७, ११, १३, १७ एकेकदा. प्रत्येक घातात एक मिळवून गुणाकार करायचा: ७ × ४ × ३ × २ × २ × २ × २, म्हणजे १३४४. एजंटनं विचारलं होतं फक्त "किती विभाजक आहेत?" आणि त्याच्यापुढे १३४४ संख्यांची रास ओतली गेली. मॉडेलची एका वेळी वाचायची जागा मोजकी असते. ती अशी भरली की आधीचं संभाषण बाहेर ढकललं जातं, शिवाय एवढी मोठी यादी मोजताना मॉडेल हमखास चुकतं. म्हणून "यादी नको, विभाजक किती एवढंच सांगा" असा वेगळा पर्याय ठेवला. वरची मर्यादा १ लाख कोटी ठरवली. तिथपर्यंत वर्गमूळ १० लाखच येतं, टूल क्षणात उत्तर देतं, आणि सर्वांत मोठी यादी ६७२० विभाजकांची होते. आकडा आणि कारण दोन्ही वर्णनात घातले. कारण दिलं नाही तर एजंट मोठी संख्या तोडून तिचे तुकडे टूलला देतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

एवढं सगळं लिहिल्यावर वर्णन दीड पान झालं. ते तसं चालणार नव्हतं. हा मजकूर टूल जोडलेल्या प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जातो आणि जागा खातो, टूल वापरलं जावो वा न जावो. मग छाटणी सुरू झाली, आणि या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. एक वाक्य काढायचं, वीसही प्रश्न पाच-पाच वेळा चालवायचे, कारण मॉडेल दर वेळी सारखं वागत नाही. काही बिघडलं तर वाक्य परत घालायचं. काही बिघडलं नाही तर ते गेलं. विभाजक म्हणजे काय हे समजावणारा, मी प्रेमानं लिहिलेला परिच्छेद असाच गेला. व्याख्या मॉडेलला ठाऊक असते. "स्वतः ती संख्या यादीत असते" हे काढलं की २८ लगेच नापास.

उदाहरणं तीनच ठेवली. त्यातलं एक माझ्या शाळेतलं आहे. कवायतीला २४ मुली आल्या की त्यांच्या सारख्या रांगा आठ तऱ्हांनी लावता येतात: १, २, ३, ४, ६, ८, १२ किंवा २४ रांगा. एक गैरहजर राहिली, २३ झाल्या, की सगळ्यांची एकच लांब रांग करा नाहीतर एकेकीच्या २३ रांगा, तिसरा मार्ग नाही. मैदानावर हे पाहिलेली मुलगी मूळ संख्या पुन्हा विसरत नाही. "सारख्या रांगा", "सारखे गट" असा प्रश्न आला की हे टूल उचलायचं, हे एजंटलाही याच उदाहरणानं सर्वांत लवकर कळलं. व्याख्येनं जे जमलं नव्हतं ते २४ मुलींनी केलं. आणखी एक उदाहरण ३९१ चं, "लहान दिसणारी संख्याही मनानं सांगू नका, टूल वापरा" या सूचनेसोबत.

शेवटचं वर्णन अकरा वाक्यांचं आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी वीसही प्रश्न पाचही वेळा बरोबर आले. खिडकीतून मातीचा वास येत होता, लाइट गेली होती आणि लॅपटॉप बॅटरीवर चालला होता. मुलानं निकालाची सगळी पानं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, "ताई, पुढचं टूल मसाविचं. ते तर सोप्पं राहीन ना?"

मी वहीचं नवीन पान उघडलं आणि वर लिहिलं: शून्य आणि शून्य यांचा मसावि काय द्यायचा?